रस्त्याकडेचं टेलिकॉम कॅबिनेट फुटतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या कडेला उभं असलेलं टेलिफोन-इंटरनेटचं धातूचं कॅबिनेट फुटलं, दार उखडून पडलं, आतली यंत्रं कोळसा झाली, असा फोटो समोर आला की प्रत्येक जण कारण सांगू लागतो. कोणी म्हणतं बॅटरी, कोणी म्हणतं वीज पडली, कोणी म्हणतं घातपात. या तर्कांना काहीतरी शिस्त यावी म्हणून हे पान. मुख्य उदाहरण अमेरिकेतलं घेतलं आहे. एटी अँड टी कंपनीची कॅबिनेटं 2006 आणि 2007 मध्ये फुटली, त्यावर भरपूर चर्चा झाली आणि शेवटी कंपनीला हजारो बॅटऱ्या बदलाव्या लागल्या.

एटी अँड टीच्या प्रकरणात काय झालं होतं?

2006 मध्ये एटी अँड टीने अमेरिकेत ‘यू-व्हर्स’ नावाची सेवा सुरू केली. टीव्ही, इंटरनेट आणि फोन एकाच तारेवरून. त्यासाठी फायबर थेट घरापर्यंत न नेता वस्तीपर्यंत नेलं आणि तिथून पुढे जुनीच तांब्याची तार वापरली. फायबर आणि तांबं जिथे भेटतात तिथे यंत्रं ठेवावी लागतात. त्या यंत्रांसाठी गल्लीच्या कोपऱ्यावर, घरांच्या कुंपणांना लागून, मोठ्या फ्रिजएवढी कॅबिनेटं उभी राहिली. वीज गेली तरी सेवा चालू राहावी म्हणून प्रत्येकात बॅटऱ्या होत्या.

ऑक्टोबर 2006 मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला असं एक कॅबिनेट फुटलं. डिसेंबर 2007 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराच्या उपनगरात आणखी एक. जानेवारी 2008 मध्ये कंपनीने सांगितलं की या प्रकारच्या सुमारे 17,000 बॅटऱ्या आम्ही बदलणार आहोत.

त्या बॅटऱ्या कसल्या होत्या?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या ‘अ‍ॅव्हेस्टर’ या कंपनीच्या. हायड्रो-क्वेबेक ही तिथली सरकारी वीज कंपनी आणि अमेरिकेतली केर-मगी ही तेल कंपनी यांनी मिळून ती उभी केली होती. बॅटरीचा प्रकार होता लिथियम मेटल पॉलिमर. आपल्या मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीपेक्षा ही वेगळी. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम ग्रॅफाइटच्या थरांमध्ये सामावलेलं असतं, इथे ते शुद्ध धातूच्या पातळ पत्र्याच्या रूपात असतं. दुसऱ्या बाजूला व्हॅनेडियमचं ऑक्साइड आणि दोन्हींच्या मध्ये द्रवाऐवजी घन प्लास्टिकसारखा पॉलिमर. हा पॉलिमर गार असला की त्यातून विद्युतभार नीट वाहत नाही, म्हणून बॅटरीतला हीटर तिला सतत गरम ठेवतो.

इतकी नवी बॅटरी रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये घालायचं कारण काय?

ऊन. आणि कारण अगदी योग्य होतं, हे आधी मान्य करायला हवं.

टेलिकॉममध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली बॅटरी म्हणजे लेड-अ‍ॅसिड. तिचा बंदिस्त प्रकार व्हीआरएलए नावाने ओळखला जातो. ही बॅटरी 25 अंश सेल्सिअसला खूश असते. त्याच्या वर साधारण दर 10 अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद कॅबिनेटच्या आत, यंत्रांच्या स्वतःच्या उष्णतेसह, पारा सहज पन्नाशी ओलांडतो. कागदावर दहा वर्षं टिकणारी बॅटरी मग दोन-अडीच वर्षांत मरते आणि हजारो कॅबिनेटांमध्ये माणसं पाठवून ती बदलत बसावं लागतं. विदर्भात मोबाइल टॉवरची देखभाल करणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावायला नको. चंद्रपूरच्या मे महिन्यात बॅटरीचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

अशा वेळी एक बॅटरी येते. ती मुळातच गरम राहून काम करते, तिला एसी लागत नाही, शिशापेक्षा ती हलकी आहे आणि वर्षानुवर्षं टिकेल असं सांगितलं जातं. अभियंत्याने तिच्याकडे पाहिलं नसतं तरच नवल.

मग बॅटरीच फुटली म्हणायची?

इथेच बहुतेक चर्चा घसरते. ‘पेट कशाने घेतला’ आणि ‘स्फोट कशाने झाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक दोन्हींचं मिळून एकच उत्तर शोधतात.

बॅटरीचा एखादा सेल बिघडतो, आत शॉर्ट होतो, तापतो. लिथियम धातू 180 अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळलेलं लिथियम भलतंच आक्रमक असतं. पॉलिमर विघटित होऊन ज्वलनशील वाफा सोडतो. लिथियमला ओलावा मिळाला तर हायड्रोजन तयार होतो. हे सगळं मोकळ्या मैदानात घडलं असतं तर धूर आणि जाळ दिसला असता, लोक लांब उभे राहिले असते आणि विषय संपला असता. पण हे घडतं पाऊस, धूळ आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून रबरी पट्ट्या लावून घट्ट बंद केलेल्या डब्यात. वायू बाहेर जाऊ शकत नाही, हवेत मिसळत राहतो, आणि ठिणगी मिळाली की सगळा एकदम पेटतो. तो स्फोट.

म्हणजे पेट घेणं हे बॅटरीचं काम आणि स्फोट होणं हे डब्याचं. माझ्या मते या संपूर्ण विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा कायमचं वादग्रस्त राहतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट असतं आणि त्यावर उपायही करता येतो.

थोडा वायू साठला तर एवढं जड दार उडेल?

उडेल. हिशेब करून पाहा. 60 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर उंच दाराचं क्षेत्रफळ 0.9 चौरस मीटर. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा फक्त एक दशांशाने वाढला तरी त्या दारावर सुमारे 900 किलो वजनाएवढा रेटा येतो. हायड्रोजन आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून पूर्ण बंद जागेत पेटली, तर दाब सात-आठ पटींवर जाऊ शकतो. कॅबिनेटचं कुलूप आणि बिजागऱ्या त्याच्या खूप आधी सुटतात. म्हणून दार लांब जाऊन पडलं यावरून ‘आत बॉम्ब होता’ असा निष्कर्ष निघत नाही.

साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीनेही असा स्फोट होतो का?

होतो, आणि लिथियमच्या गोंगाटात हे विसरलं जातं.

टेलिकॉमची यंत्रं 48 व्होल्टवर चालतात. त्यासाठी 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. प्रत्येकीत सहा सेल, एकूण चोवीस. चार्जर या साखळीला सतत 54 व्होल्ट देत राहतो, म्हणजे प्रत्येक सेलला सव्वादोन व्होल्ट. या व्होल्टेजवर बॅटरी भरलेली राहते आणि जवळजवळ वायू सोडत नाही. जो थोडा हायड्रोजन-ऑक्सिजन तयार होतो, त्याचं आतल्या आत पुन्हा पाणी होतं.

आता जुन्या झालेल्या बॅटरीतले दोन सेल शॉर्ट झाले असं धरू. चार्जरला ते कळत नाही. तो 54 व्होल्टच देतो, पण आता ते बावीस सेलांत वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला 2.45 व्होल्ट येतात. इतक्या व्होल्टेजला लेड-अ‍ॅसिड सेल जोरात वायू सोडू लागतो. तो तापतो, तापल्यामुळे जास्त करंट ओढतो, जास्त करंटमुळे आणखी तापतो. याला थर्मल रनअवे म्हणतात.

वायूचं पुन्हा पाणी करण्याची बॅटरीची क्षमता संपली की चोवीस सेलांच्या साखळीतून दर अँपिअरमागे तासाला अकराएक लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. करंट 5 अँपिअरवर गेला तर पन्नास लिटरच्या वर. कॅबिनेटच्या आत मोकळी जागा 500 लिटर धरली, तर तासाभरात हवेत दहा टक्के हायड्रोजन झाला. हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत पेट घेतो. 4 टक्क्यांना तो दुबळा जळतो, ज्योत कशीबशी वर सरकते. दहा टक्क्यांच्या पुढे मात्र तो दार शिल्लक ठेवत नाही.

अर्थात कॅबिनेटला चालू पंखा किंवा मोकळ्या झडपा असतील तर वायू साठणारच नाही. म्हणून कॅबिनेट फुटल्यावर माझा पहिला प्रश्न ‘बॅटरी कोणत्या कंपनीची?’ हा नसतो. ‘पंखा फिरत होता का आणि जाळीत धूळ किती होती?’ हा असतो.

ठिणगी कुठून येते?

कुठूनही. हायड्रोजन पेटवायला लागणारी ऊर्जा इतकी कमी असते की हाताला जाणवणारही नाही असा स्थिर विजेचा चटका पुरतो. कॅबिनेटमध्ये रिले असतात, पंख्याची मोटर असते, थर्मोस्टॅट असतो, सैल झालेली जोडणी असते. तपासात ठिणगीचा नेमका उगम शोधण्यात फार वेळ घालवू नये असं मला वाटतं. विजेवर चालणाऱ्या डब्यात ठिणगी असणारच, असं धरूनच डबा बनवायला हवा.

गॅसची पाइपलाइन कारण असू शकते का?

असू शकते, आणि जिथे पाइप गॅस आहे तिथे ही शक्यता आधी तपासावी. कॅबिनेटच्या तळातून जमिनीखालचे डक्ट, म्हणजे केबलच्या नळ्या, येतात. त्यातून केबल आत शिरते. डक्टची तोंडं नीट बुजवलेली नसतील तर जवळच्या फुटक्या गॅसवाहिनीतून निघालेला वायू मातीतून डक्टमध्ये आणि डक्टमधून कॅबिनेटमध्ये येतो. गळती दोन गल्ल्या पलीकडे असली तरी डक्ट त्याला इथवर आणून सोडतो. गटारातला मिथेनही याच वाटेने येऊ शकतो.

वासावर विसंबू नये. गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास मातीतून झिरपताना कमी होतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. मिथेन हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान पेटतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर साठतो. एलपीजी जड असतो, तळाशी बसतो आणि दोन टक्क्यांच्या आसपासही पेट घेतो. त्यामुळे काळवंडल्याच्या खुणा वर आहेत की खाली, यातून काही अंदाज बांधता येतो. रस्त्यातल्या शेजारच्या चेंबरची झाकणंही उडाली असतील तर बॅटरीचा विचार जरा बाजूला ठेवून जमिनीखाली पाहावं.

आणि वीज पडली असेल तर?

वीज पडून कॅबिनेटमधली सर्ज, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा, रोखणारी उपकरणं फुटतात, कार्डं जळतात, काळे डाग पडतात. पण वीज स्वतः सहसा कॅबिनेटचं दार उडवत नाही. ती कारणांच्या साखळीतली पहिली कडी मात्र असू शकते. चार्जर बिघडवला, चार्जरने व्होल्टेज चढवलं, बॅटरी उकळली आणि चार दिवसांनी लख्ख उन्हात स्फोट झाला. अशा वेळी लोक म्हणतात, ‘आज तर ढगही नव्हता.’ म्हणून त्या दिवसाचं हवामान पाहून भागत नाही, आधीच्या आठवड्याचे अलार्म पाहावे लागतात.

घातपात, चोरी, तोडफोड?

बॅटऱ्या चोरीला जातात हे खरं. चोर केबल कापून जातो, उघडी टोकं एकमेकांना लागतात आणि 48 व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटले तरी बॅटरी बँक शॉर्टमध्ये हजारो अँपिअर ओतू शकते. त्यात पाना वितळतो, माणूस भाजतो. पण चोरीच्या खुणा लपत नाहीत. कापलेली तार आणि जळालेली तार यांत फरक असतो.

मुद्दाम लावलेली आग हाही खरा प्रकार आहे. एप्रिल 2020 मध्ये ब्रिटनमध्ये फाइव्हजीमुळे कोरोना पसरतो अशी अफवा उठली आणि लोकांनी मोबाइलचे मनोरे पेटवून दिले, एक-दोन नव्हे, डझनांनी. रस्त्यावर केबलचं काम करणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांना शिवीगाळ झाली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण कॅबिनेट का फुटलं यावर तर्क करणं हा निरुपद्रवी विरंगुळा नाही. चुकीचा तर्क पुरेसा पसरला की त्याची झळ शिडीवर चढलेल्या माणसाला बसते.

ह्यूस्टनच्या स्फोटानंतर तपास झाला होता ना? मग दुसरा स्फोट कसा झाला?

झाला होता. कंपनीने बाहेरच्या तज्ज्ञांकडून बॅटऱ्या तपासून घेतल्या. निष्कर्ष असा होता की या बॅटऱ्या धोकादायकरीत्या बिघडण्याची शक्यता टेलिकॉममध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या इतर बॅटऱ्यांपेक्षा जास्त नाही. म्हणून त्या जागच्या जागी राहिल्या. वर्षभरानंतर विस्कॉन्सिनचं कॅबिनेट फुटलं.

त्या तज्ज्ञांनी खोटं सांगितलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बरोबरच असेल. पण प्रश्न होता ‘किती वेळा बिघडेल?’ आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसाचा प्रश्न होता ‘बिघडली तर माझ्या अंगणात काय येऊन पडेल?’ टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत, जाड भिंतींच्या खोलीत, माणसांपासून दूर ठेवलेली बॅटरी आणि मुलं खेळतात त्या फुटपाथवर ठेवलेली बॅटरी यांच्या बिघाडाची शक्यता एकसारखी असली तरी धोका एकसारखा नसतो. शक्यतेला परिणामाने गुणायचं असतं, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. या प्रकरणात तो गुणाकार दुसऱ्या स्फोटानंतर झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने काय सांगितलं?

सांगायला कंपनीच उरली नव्हती. अ‍ॅव्हेस्टर 2006 च्या शेवटी बंद पडली, म्हणजे ह्यूस्टनच्या स्फोटाच्याच सुमारास. रस्तोरस्ती हजारो बॅटऱ्या आणि त्यांच्या मागे उभा राहणारा उत्पादक नाही. उत्पादनातले दोष, बॅचचे क्रमांक, कारखान्यातल्या चाचण्या यांबद्दल विचारायचं कुणाला? नवं तंत्रज्ञान घेताना त्याची किंमत आणि क्षमता पाहतात. ते बनवणारा पाच वर्षांनी असेल का, हेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवं. रस्त्यावर दहा वर्षं राहणाऱ्या वस्तूबाबत तर नक्कीच.

ते तंत्रज्ञान मग तिथेच संपलं का?

नाही. 2007 मध्ये फ्रान्सच्या बोलोरे उद्योगसमूहाने अ‍ॅव्हेस्टरची मालमत्ता विकत घेतली. लिथियम मेटल पॉलिमर बॅटऱ्यांवर त्यांचं स्वतःचंही काम चालू होतं. पुढे याच प्रकारच्या बॅटऱ्यांवर पॅरिसची ‘ऑटोलिब’ ही भाड्याच्या विद्युत मोटारींची सेवा 2011 मध्ये सुरू झाली, नंतर ‘ब्लूबस’ नावाच्या बसगाड्याही आल्या. रसायनात दरम्यान बदल झाले होते, व्हॅनेडियमची जागा लोह-फॉस्फेटने घेतली होती. एप्रिल 2022 मध्ये पॅरिसमध्ये एकाच महिन्यात अशा दोन ब्लूबस जळाल्या आणि तिथल्या परिवहन संस्थेने 149 बस तात्पुरत्या थांबवल्या.

यावरून ‘हे तंत्रज्ञानच वाईट’ असं म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. मधल्या काळात या बॅटऱ्यांनी हजारो मोटारी वर्षानुवर्षं चालवल्या. एवढंच म्हणेन की बॅटरीच्या कोणत्याही कुळात दोष शून्यावर आलेला नाही, तेव्हा तिच्याभोवतीची रचना ती बिघडेल असं धरूनच करावी.

नेमकं कारण कधी तरी निश्चित होतं का?

कधी होतं, कधी नाही. टेलिकॉमपासून थोडं बाजूला जाऊन एक उदाहरण देतो, कारण यावर याहून बोलकी घटना मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्सजवळच्या सरप्राइझ नावाच्या गावात, वीज साठवण्यासाठी लिथियम-आयन बॅटऱ्यांचं एक बंदिस्त केंद्र होतं. नाव मॅकमिकन. कॅबिनेटच, फक्त कंटेनरएवढं. 19 एप्रिल 2019 रोजी संध्याकाळी त्यातल्या एका रॅकमध्ये बिघाड सुरू झाला. आग विझवणारी वायुरूप यंत्रणा आपोआप सुटली. पण ती रचलेली होती साधी आग विझवायला. तापलेल्या सेलांतून निघणारा ज्वलनशील वायू ती थांबवू शकत नव्हती आणि वायू बाहेर जायला वाट नव्हती. सुमारे तीन तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडलं. बाहेरची ताजी हवा आत गेली आणि काही मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले.

यानंतर दोन तपास झाले. वीज कंपनीने नेमलेल्या डीएनव्ही जीएलच्या तज्ज्ञांनी सांगितलं, एका सेलच्या आत लिथियम साचून काटे वाढले, शॉर्ट झाला. सेल बनवणाऱ्या एलजी केमच्या बाजूने एक्स्पोनंटच्या तज्ज्ञांनी हे फेटाळलं. त्यांच्या मते उष्णता सेलच्या बाहेरून, विजेच्या आर्कमधून आली असावी. दोन्हीकडे जाणकार माणसं होती. जळालेला पुरावा एकच होता. मत एक झालं नाही.

पण स्फोट का झाला याबद्दल फारसा वाद नव्हता. बंद जागेत वायू साठला, तो बाहेर काढायची सोय नव्हती आणि दार उघडलं. ठिणगीचं मूळ न सापडताही पुढची दिशा त्यातून मिळाली. बॅटरी केंद्रांसाठीच्या एनएफपीए 855 या अमेरिकी मानकात स्फोट रोखण्याच्या किंवा त्याचा दाब सुरक्षित बाजूला सोडण्याच्या सोयीवर भर आला. कारणाबद्दल भांडत राहिले असते तर बहुधा आजही भांडतच असते.

फोटो पाहून कारण ओळखता येतं का?

ओळखता येत नाही, पण कारणं वगळता येतात. धातूचा पत्रा बाहेर फुगून वाकला आहे का? असेल तर दाब आतून आला. दार साबूत राहून बिजागरीसकट उडालं की पत्रा फाटला? साबूत दार हे वायू एकसारखा पेटल्याचं लक्षण. स्फोटकाने पत्रा एका जागी चिरफाळतो. आत काजळी किती आहे? हायड्रोजन जळताना काजळी धरत नाही. आतली यंत्रं स्वच्छ आणि दार गायब असेल तर माझं बोट हायड्रोजनकडे जातं. सगळं काळंकुट्ट असेल तर आग आधी बराच वेळ धुमसत होती किंवा स्फोटानंतर केबलचं प्लास्टिक जळत राहिलं. यातलं कोणतं ते फोटो सांगत नाही.

बॅटरीचे अवशेष दिसले तर उत्तम. व्हीआरएलए बॅटरी थर्मल रनअवेमध्ये फुगते, तिचं प्लास्टिक मऊ पडून बाजूंनी बाहेर येतं. फुगलेली बॅटरी आणि जवळपास कुजक्या अंड्यांचा वास आला होता अशी शेजाऱ्यांची आठवण, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर चार्जिंगच्या बिघाडावर मी पैज लावेन. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. अतितापलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून तो निघतो.

फोटोपेक्षा दसपट मोलाची गोष्ट कंपनीच्या नियंत्रण कक्षात असते. तापमानाचे, व्होल्टेजचे, दार उघडल्याचे, पंखा बंद पडल्याचे अलार्म कोणत्या क्रमाने आले. स्फोटाच्या आधी सहा तास ‘तापमान जास्त’ असा अलार्म येऊन कोणी पाहिला नसेल, तर कारण बॅटरीपाशी थांबत नाही. अशा नोंदी लोकांसमोर याव्यात असं मला मनापासून वाटतं. कॅबिनेट खासगी असलं तरी ते उभं आहे सार्वजनिक रस्त्यावर.

भारतातल्या कॅबिनेटांना आणि टॉवरना हाच धोका आहे का?

रसायनशास्त्र देश पाहत नाही. आपल्याकडच्या टॉवरखालच्या बॅटऱ्या आधी बहुतांशी व्हीआरएलए होत्या, आता लिथियम-आयन वाढत आहेत, त्यातही लोह-फॉस्फेटचा प्रकार. हा प्रकार इतर लिथियम-आयन प्रकारांपेक्षा तापायला उशीर लावतो, पण तापला की तोही ज्वलनशील वायू सोडतो. आपल्याकडे वीज वारंवार जाते, त्यामुळे बॅटरी सतत भरते-रिकामी होते आणि लवकर म्हातारी होते. भर उन्हातल्या पेटीत म्हाताऱ्या बॅटऱ्या आणि धुळीने बुजलेली जाळी हे मिश्रण मला चिंतेचं वाटतं. उपाय मात्र महागडे नाहीत. बॅटरीच्या अंगावरच तापमानाचा सेन्सर लावणं आणि पारा चढला की चार्जरने व्होल्टेज उतरवणं, दर अंशामागे प्रति सेल सुमारे 3 मिलिव्होल्ट. जाळी साफ करणं. डक्टची तोंडं बुजवणं. मुदत संपलेली बॅटरी ‘अजून चालतेय ना’ म्हणून न ठेवणं.

जवळच्या कॅबिनेटमधून धूर, फुसफुस किंवा वास येत असेल तर काय करावं?

लांब जा आणि 112 किंवा 101 वर फोन करा. दार उघडू नका, उघडायला आलेल्या माणसालाही मॅकमिकनची गोष्ट सांगा. दाराच्या समोर उभं राहू नका, कारण उडणारी पहिली वस्तू तीच असते. पाणी ओतू नका. व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. कॅबिनेटवर कंपनीचं नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो, तो दुरून वाचता आला तर फोनवर सांगा. त्यावरून कंपनीला तिथला वीजपुरवठा आणि चार्जर बंद करता येतो.

घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दलही हे खरं आहे का?

हो. घरोघरी असते ती ट्युब्युलर बॅटरी, जिच्यात आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो. ते पाणी कमी होतं ते बरंचसं याच कारणाने. चार्जिंगच्या शेवटी त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. मोकळ्या जागी ठेवली तर काही होत नाही. पण अनेक घरांत ती दिसायला बरी नाही म्हणून जिन्याखालच्या बंद कपाटात किंवा देवघराखालच्या खणात कोंबलेली असते. वर समई तेवत असते. तिला तिथून हलवा, किमान कपाटाला वरच्या आणि खालच्या बाजूला झरोके पाडा. बॅटरीची टोकं वर्षातून दोनदा घट्ट करून घ्या. बॅटरी हाताला गरम लागत असेल, फुगली असेल किंवा पूर्वीपेक्षा वारंवार पाणी मागत असेल, तर इन्व्हर्टर बंद करून मेकॅनिकला बोलवा आणि चार्जिंग व्होल्टेज मीटर लावून मोजायला सांगा.